मावशीवर बसलेले साहेब

साहेब निवृत्त झाले आणि घरात त्यांचं कुणी ऐकेनासं झालं. खरं तर आधीही कुणी ऐकत नव्हतंच, पण तेव्हा ते दिवसभर कचेरीत असायचे, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या ध्यानात यायची राहून गेली होती.

वजनमापांच्या कचेरीचे ते मुख्य. कचेरी कशी घड्याळासारखी चालायची. हेडक्लार्कबाई दुपारी फायली बांधायला घेत, की साहेब आपल्या खोलीतून बाहेर येऊन म्हणत, "फायली बांधून ठेवा." तपासनीस तराजू गाडीत चढवू लागले, की साहेब खिडकीतून हुकूम सोडत, "तराजू चढवा." निरोप समारंभात त्यांनी डोळे पुसत सांगितलं, की माझा एकही शब्द या कचेरीनं खाली पडू दिला नाही. हेडक्लार्कबाई तेव्हा फार मन लावून हाराची सुतळी सोडवत होत्या.

घरी आल्यावर साहेबांनी पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांची उंचीप्रमाणे मांडणी करायचा आदेश काढला. बायकोनं ऐकून घेतलं आणि डबे होते तिथेच राहिले. मग त्यांनी टीव्हीच्या आवाजाचा विषय काढला, पडद्यांचा काढला, शेवटी चपलांचा काढला. बायको प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची, आणि त्या "बरं"चा अर्थ काय हे कळायला साहेबांना बरेच महिने लागले.

अशा वेळी त्यांना मावशी भेटली. मावशी म्हणजे गावाबाहेरच्या घोडेस्वारीच्या शाळेतली वयस्कर तपकिरी घोडी. नवशिक्यांना हीच द्यायची, असा तिथला रिवाज. साहेब तिच्यावर चढले, म्हणजे दोघांनी चढवले. वर बसून ते म्हणाले, "चाल." मावशी चालली. "दुडकी," असं म्हणताच दुडकू लागली. "थांब" म्हटलं, तर जागच्या जागी थांबली. साहेबांनी तिची मान थोपटली. एवढ्या मोठ्या जगात अजून कुणीतरी त्यांचं ऐकत होतं.

रिंगणाच्या मधोमध उभे राहून शाळेचे मास्तर हेच शब्द खणखणीत आवाजात आधी उच्चारायचे, ही बाब साहेबांना किरकोळ वाटली. कचेरीतही कुणी ना कुणी आधी बोलायचंच.

मग एकदा मावशी शिंकली आणि साहेब खाली आले. कंबर महिनाभर धरली. डॉक्टर असलेली मुलगी धावत आली आणि तिनं घोडं कायमचं बंद केलं. साहेबांनी डोळे वटारले, मग विनवणी केली, मग जेवायचं सोडलं, पण ते संध्याकाळपर्यंतच. शेवटी तोडगा निघाला. शहरातल्या घोड्यांच्या स्पर्धेत प्रौढ हौशी स्वारांचा गट असतो. त्यात साहेबांनी फीत मिळवली तर स्वारी चालू. नाही मिळवली तर बूट पोटमाळ्यावर. मुलीला वाटलं, झालं, सुंठीवाचून खोकला गेला.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर चकचकीत बुटांचे हौशी स्वार जमले होते. त्यांचे घोडे महागडे, तरणे आणि मालकांइतकेच तापट. मास्तरांना रिंगणात यायला मनाई होती, ते कुंपणापाशी उभे राहिले. साहेबांनी दोनदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. बायको छत्री घेऊन पहिल्या रांगेत बसली होती आणि शेजारी मुलगी, हातात औषधांची पिशवी घेऊन.

एवढ्यात कर्णा खरखरला. "सगळे स्वार, चाल."

साहेब तोंड उघडणार, तोच मावशी चालू लागली. बाकीचे टाचा मारत होते, लगाम ओढत होते. "दुडकी," कर्णा म्हणाला आणि सगळ्यांत आधी मावशी दुडकली. "थांब." ती अशी थांबली, की साहेबांची टोपी तेवढी थोडी पुढे गेली. एक घोडा कुंपणाबाहेर पाहायला गेला, दुसरा मालकासकट गवत खायला लागला. साहेब ताठ बसून होते. बसून राहण्याचा अनुभव त्यांच्याइतका तिथे कुणालाच नव्हता.

पहिल्या क्रमांकाची लाल फीत त्यांना मिळाली. परीक्षक फीत लावताना भारावून म्हणाले, "अप्रतिम. तुम्ही घोडीला काही सांगताय, हे दिसतच नव्हतं."

मग विजेत्यानं एकट्यानं मैदानाला फेरी मारायची होती. कर्णेवाला तेवढं जाहीर करून चहा प्यायला गेला. लोक टाळ्या वाजवू लागले. साहेब म्हणाले, "चाल." मावशी ढिम्म. त्यांनी टाच मारली, लगाम हलवला, साहेबी आवाजात पुन्हा म्हणाले, "चाल!" मावशीनं नुसता एक कान मागे वळवला. आपल्या पाठीवरची माणसं काहीबाही बोलत असतात, हे तिला वर्षानुवर्षं ठाऊक होतं.

टाळ्या विरत चालल्या. कुंपणापाशी मास्तर खोकले आणि खाली मान घालून हळूच म्हणाले, "चाल, मावशी."

मावशी निघाली. साहेबांनी ते ऐकलं होतं. अख्खी फेरी ते हात उंचावून लोकांना अभिवादन करत होते, पण त्यांना दिसत होत्या त्या सुतळी सोडवणाऱ्या हेडक्लार्कबाई. साहेबांना फार वाईट वाटलं. इतकं, की घरी जाताना गाडीत त्यांनी ड्रायव्हिंगबद्दल मुलीला एकही सूचना केली नाही. सिग्नलला गाडी थांबताच मुलीनं काळजीनं त्यांची नाडी पाहिली.

निरोप समारंभाच्या फोटोशेजारी फितीसाठी खिळा आधीच ठोकलेला होता. साहेबांनी फीत कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले आणि मास्तरांना म्हणाले, "आजपासून तुम्ही बोलायचं नाही."

"मग घोडी हलायची नाही, साहेब."

"नाही हलली तर बसून राहीन."

आणि ते बसून राहिले. मावशी उभ्या उभ्या डुलक्या घेऊ लागली. पाय कसे आवळायचे, वजन कुठे टाकायचं, हे मास्तर सुरुवातीपासून सांगत आले होते, साहेबांनी ते आत्ता पहिल्यांदा करून पाहिलं. चुकीचं केलं, मावशीनं शेपूट झटकली. पुन्हा केलं. शेवटी हुकूम संपले, तेव्हा ते वाकून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, जरा जाऊ या का?"

घरी आले ते घामानं निथळत, पण चेहरा उजळलेला. बायकोनं विचारलं, काय झालं?

"ती चालली. मास्तर गप्प होते. माझ्या सांगण्यावरून चालली."

"कुठपर्यंत?"

"पाण्याच्या पिंपापर्यंत."

बायको डबा पुसत होती. तिचा हात थांबला. "अहो, तहान लागली असेल तिला."

आधीचे साहेब यावर उसळले असते. आत्ताचे खुर्चीत टेकले आणि त्यांनी खरोखर विचार केला.

"असेल," ते म्हणाले. "उद्या पिंप दुसऱ्या बाजूला ठेवून बघतो." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तो डबा कुठे ठेवू?"