लपवलेल्या फायली

मला विसरायला होत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. होत होतं. गॅस चालू राहायचा, हात कापायचे, आणि एकदा मंडईत कोथिंबिरीची जुडी घेऊन उभी असताना धायरीची बस कुठे मिळते तेच आठवेना. पण त्यावर "वय झालं" हे उत्तर मला मान्य नव्हतं. ते माझ्या मुलाचं उत्तर होतं.

तो खराडीला चौदाव्या मजल्यावर राहतो. त्याने परस्पर ठरवून टाकलं की आईने आता एकटं राहायचं नाही. धायरीचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि तिला आपल्याकडे आणायचं. सून चांगली आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण हे घर मी नोकरी करून घेतलंय, आणि त्यातून कुणी मला उचलून न्यावं इतकी मी सामान झाले नव्हते.

एकतीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. कागद कुणी पाठवला, कशासाठी, हे विचारल्याशिवाय साहेबांचाही कागद पुढे सरकू दिला नाही. माझ्या घरात मात्र दिवसाला अकरा गोळ्या बिनबोभाट शिरल्या होत्या. बीपीला एक डॉक्टर, पायांच्या सुजेला दुसरे, चक्करेला तिसरे, हात कापतात म्हणून चौथे.

त्यात चूक माझीही होती. एका डॉक्टरला दुसऱ्याकडे गेल्याचं सांगायचं नाही, त्यांना वाईट वाटतं, अशी आपल्याकडची एक सभ्यता आहे. ती मी इमानेइतबारे पाळली. केबिनमध्ये शिरण्याआधी बाकीच्यांच्या फायली पिशवीच्या तळाशी, छत्रीखाली दडपायचे. "आणखी काही औषधं चालू आहेत?" असं विचारलं की म्हणायचे, "नाही हो, किरकोळ." आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

शेवटी मुलानेच मला विसराळूपणाच्या तपासणीसाठी एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वृद्धांचे आजार बघणाऱ्या, वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी फोनवरच बजावलं होतं, घरात आहेत तेवढी औषधं आणि फायली आणा. मी पिशवी टेबलावर उपडी केली. त्या एकेक पाकीट उचलून विचारायला लागल्या. कुणी दिली? कशासाठी? कधीपासून? माझेच प्रश्न, फक्त मी ते स्वतःला कधी विचारले नव्हते.

"आजी," त्या म्हणाल्या, "ही बीपीची गोळी काहींच्या पायांना सूज आणते. सुजेसाठी तुम्हाला लघवीची गोळी दिली, तिने चक्कर यायला लागली असणार. चक्करेची गोळी फार दिवस घेतली की हात कापू शकतात. आणि कापऱ्यावरची ही गोळी तुमच्या वयात डोकं गढूळ करते."

मुलगा अस्वस्थ झाला. "पण मॅडम, मोठमोठ्या डॉक्टरांनी दिल्यात. बंद करून काही झालं म्हणजे?"

"चालू ठेवून काय झालंय ते तुझ्या शेजारीच बसलंय," मी म्हटलं.

बाईंनी आधी बाकीच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं, मग एका वेळी एकच गोळी, तीही हळूहळू कमी केली. दर आठवड्याला बीपी मोजायचं, वहीत लिहायचं. मधले दोन आठवडे वाईट गेले. झोप लागेना, जीव घाबराघुबरा व्हायचा. मुलगा रोज फोन करून "बघ, सांगत होतो" म्हणायचा. मी रोज त्याला "ठेव फोन" म्हणायचे. पाच महिन्यांनी अकराच्या चार झाल्या. त्या चार मी वेळेवर घेते, गोळ्यांशी माझं वैर नाही. हात कापायचे थांबले, डोकं निवळलं, आणि मंडईतून मी एकटीने वांगी निवडून आणली, भाव पाडून.

परवा दुपारी बेल वाजली. दारात एजंट आणि त्याच्यामागे एक तरुण जोडपं. "आजी, घर बघायला आलोय. रिकामं होतंय ना?"

घर भाड्याने द्यायची जाहिरात मुलाने दिली होती, ती मागे घ्यायची राहिली होती. विसरला असेल. त्याचं वय झालेलं नाही.

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, दोन्ही खोल्या, बाल्कनी, स्वयंपाकघर सगळं दाखवलं. मग त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला.

"घर त्यांना आवडलंय," मी सांगितलं. "मलाही आवडतं. आणि मी राहतेय."