वाढलेलं वजन, वळलेले पंख

तिला सगळे ‘लवंगी’ म्हणत. तोंडावर मात्र फक्त धाकटा दीर, आणि तोही हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावरून. सासऱ्यांनी हौसेने आणलेले आणि कंटाळून सोडून दिलेले भांडखोर हंस लग्नानंतर तिच्या गळ्यात पडले. त्यांतून निवडत निवडत तिने मजबूत पायांचा, घट्ट पंखांचा वाण उभा केला. तो ‘आपोआप झाला’ असे घरचे सांगत. या म्हणण्याला कसलाही आधार सापडत नाही.

यंदा प्रथमच एका बाईंनी पैदाशीसाठी तिची पिल्ले मागितली होती. त्या दुपारी यायच्या होत्या. पिल्ले दिराच्या हवाली करून लवंगी काही आठवडे माहेरी आजारी बहिणीच्या शुश्रूषेला गेली होती, ती आदल्या रात्रीच परतली होती. सकाळी तिने फाटक उघडले आणि ती जागच्या जागी थिजली. पिल्लामागून पिल्लू बाहेर पडत होते, आणि बहुतेकांच्या पंखांची टोके मोडक्या छत्रीच्या काड्यांसारखी बाहेर वळली होती.

“भावजी! काय घातलंत यांना?”

“कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य. प्रथिनंच प्रथिनं!” दीर खुशीत होता. “काट्यावर घालून बघा, वहिनी. तुमच्या गवतखाऊंपेक्षा किती जड भरतात! अधूनमधून माहेरी जात जा.”

पहिले तीन आठवडे पिल्लांना प्रथिने जास्त लागतात, हे तीही पाळत असे. पुढे मात्र ती दाण्यात कोंडा मिसळून प्रथिने कमी करी आणि पिल्लांना दिवसभर चरू देई. नाहीतर वाढती पिसे जड होत आणि कोवळा सांधा त्यांच्या भाराने वळे.

“वजन वाढलं ना? मग वाढ झालीच की!”

“सूज आली तरी वजन वाढतं, भावजी!”

“एवढं काय तापायचं? वळलेली पिसं कातरू. बाईंना कशाला कळतंय?”

“कात्रीला हात लावून तर बघा!” तिचा आवाज चिरकला. “हे खाण्यानं झालं की रक्तातूनच आलं, हे त्या कशावरून ओळखणार? मीसुद्धा आता छातीठोकपणे सांगू शकत नाही. इतकी वर्षं निवड केली, ती तुम्ही चार घमेल्यांत कालवलीत!”

दुपारी तिने बाईंना एकेक पंख उघडून दाखवला.

“पट्टी बांधली तर सरळ होतील. तरी यातलं एकही पैदाशीला देणार नाही. पुढच्या खेपेला या.”

“मला एवढं थांबता येणार नाही हो,” बाई हळहळल्या आणि दुसरीकडे चौकशी करायला निघून गेल्या.

“एका शब्दानं सौदा घालवलात,” दीर पुटपुटला.

लवंगीने जुन्या चादरीच्या टर्रकन पट्ट्या फाडल्या आणि सर्वांत दांडगे पिल्लू त्याच्या कुशीत कोंबले.

“धरा. पंख मिटवून, नीट.”

“वहिनी, हे चावतंय!”

“चावू दे. अजून अख्खा कळप बाकी आहे.”