अश्विनीच्या पोटावरचे तीन डाग

अश्विनी माझी धाकटी जाऊ. घोडेगावात आमच्या घरी नांदायला आली तेव्हा सहा म्हशींची धार एकटी काढायची आणि वर मलाच चिडवायची, "ताई, तुमची वाट बघून म्हस आटंल!"

दुसऱ्या बाळंतपणानंतर ती मंदावली. अंग सुजलं, केस गळाले, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची. थायरॉईड कमी काम करतोय म्हणून डॉक्टरांनी रोज उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली. चार महिन्यांनी आमच्या सासूने, कडूबाईने, ती डबी उकिरड्यात भिरकावली. "जलमभर गोळ्या खानारी सून मला नगं."

कडूबाईचा गावात दरारा. जनावर चारा सोडून बसलं की लोक तिला बोलवायचे आणि ती विळा तापवून डाग द्यायची. हात कधी थरथरला नाही. अश्विनी दुपारी जरा आडवी झाली, की सासू म्हशीचं दावं घेऊन तिला फोडून काढायची. "माजलीय सटवी!" अश्विनीचा नवरा ओंकार मान खाली घालून बाहेर जायचा. मी भाकरी थापत राहायचे. माझ्या पाठीवर पडत नव्हतं ना! लाज वाटते सांगायला, पण खरं हेच.

गेल्या चैत्रात जेवण झाल्यावर अश्विनीच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली. महिन्यातली तिसरी. ती ओकत होती, जमिनीवर लोळत होती, किंचाळत होती.

"सोंग असंल तर उतरंल, दुखनं असंल तर जळंल," असं म्हणत सासूने विळा चुलीत घातला. ओंकारने अश्विनीचे हात धरले.

"तू पाय धर गं, बघती काय?" सासू माझ्यावर खेकसली.

मी धरले. चांगले घट्ट धरले. कातडी चरचरली, जळका वास घरभर पसरला. अश्विनीने लाथ झाडली तेव्हा मी तिच्या पायांवर बसले. तिसऱ्या डागाला ती गप्प झाली.

"बघ, गेलं का न्हाई?" सासू म्हणाली. अश्विनी बेशुद्ध पडली होती.

दुसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप चढला. मी कुणाला न विचारता टेम्पो बोलावला. सासूने माझे केस धरून मला ओढलं. मी तिला असं ढकललं की ती गव्हाणीवर आपटली आणि तिचं कपाळ फुटलं. मला जराही वाईट वाटलं नाही.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासायला पोटावरचं कापड बाजूला केलं आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. सोनोग्राफीत कळलं, पित्ताशयात खडे होते, पू झाला होता.

"थायरॉईड मंद असला की पित्त नीट वाहत नाही, कोलेस्टेरॉल वाढतं, खडे होण्याची शक्यता वाढते," त्या म्हणाल्या. "हिला त्यामुळेच झाले असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण गोळी बंद केल्यामुळे आता भूल देणंसुद्धा धोक्याचं झालंय. आणि हे भाजलेलं? कुणी केलं हे?"

मी म्हणाले, "चुलीवर पडली."

ऑपरेशन झालं. तीन दिवस ती शुद्धीवर आली नाही. मी उशाशी बसून होते. कुठल्या तोंडाने देवाला हाक मारू, तेही कळेना.

चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंनी कळवलं होतं, म्हणून संध्याकाळी पोलीस आला. मी तिचा हात हातात घेतला होता.

"बाई, घाबरू नका," तो म्हणाला. "डाग कुणी दिला?"

"सासूनं." आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. "नवऱ्यानं हात धरलं हुतं."

"आणखी कुणी?"

अश्विनीने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"ह्या माझ्या जाऊबाई. ह्यांनी पाय धरलं."

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," मी म्हणाले. "लिव्हा."