अर्ध्या कोयत्याचे वकील

अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्या आईच्या वकिलांइतका धडधाकट माणूस नव्हता, आणि त्यांच्याइतक्या वेळा अपंग झालेला माणूसही नव्हता. साठी उलटली तरी ते कोर्टाचा जिना एक-एक पायरी गाळून चढत. तरीही लोकांनी त्यांना कधी डोळ्यावर पट्टी बांधलेलं, कधी गुडघ्याला फळी बांधून ताठ पायानं चालताना पाहिलं होतं. ते फक्त अपघाताचे दावे चालवायचे. पक्षकाराचं जे गेलं असेल ते स्वतःचं बांधून ठेवायचं आणि निकाल लागेपर्यंत सोडायचं नाही, ही त्यांची रीत. ‘कागदावर बोट गेलं म्हणजे नुसतं बोट जातं,’ ते म्हणायचे. ‘सदऱ्याची गुंडी लावायला बसा, मग कळतं काय काय गेलं.’ सोनईच्या एका बहिऱ्या झालेल्या फिटरसाठी त्यांनी कानात कापूस कोंबला. पुकारा झाला तेव्हा ते बाकावर पेपर वाचत बसले होते, आणि वकील गैरहजर म्हणून दावा निकाली निघाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला की, कान गेल्यानं माणसाचं काय होतं याचा पुरावा कोर्टानं काल स्वतः पाहिला आहे. दावा परत दाखल झाला. लोक त्यांना ‘दोरीवाले वकील’ म्हणत, कारण खिशात घड्याळाऐवजी सुतळीचं गुंडाळं असायचं.

आमची पहिली भेट मात्र नकाराची. आम्ही जामखेडच्या कोरड्या भागातले. दिवाळीच्या आगेमागे गावाला कुलूप लावायचं, बैलगाडीत चूल-भांडी टाकायची आणि श्रीगोंद्याच्या बाजूला ऊस तोडायला जायचं. उसाच्या पाचटाची कोपी, तीच शाळा आणि तेच घर. आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. एक तोडतो, दुसरी सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. मुकादमाच्या वहीत नाव मात्र एकाच माणसाचं, पुरुषाचं. एकदा आई भरलेल्या गाडीवर बसून कारखान्याकडे निघाली असता मागून ट्रकनं धडक दिली आणि तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. शुद्धीवर आल्यावर हाताकडे बघून ती म्हणाली, ‘आंगठा तेवढा ठिवला बग देवानं. सरकारला तेवढाच लागतो.’ मी तेव्हा आठवीत होते. अर्धा कोयता कुठलाच मुकादम ठेवत नाही, म्हणून आठवड्याच्या आत मी आईच्या जागी उसात उभी राहिले आणि माझी पुस्तकं पत्र्याच्या पेटीत गेली.

दाव्याचं मुकादम ‘मी बघतो’ म्हणाला. त्याच्या बघण्यात दुसरा हंगाम गेला. कुणीतरी दोरीवाल्या वकिलांचं नाव सांगितलं तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, आईला आणि मला घेऊन नगरला गेले. वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, आईचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितलं, ‘अर्ज सहा महिन्यांत करायला हवा होता. फार तर वर्षात. आता मुदत गेली.’ मग एका जाड वहीत त्यांनी आमचं गाव, वस्ती आणि एसटी कुठं थांबते ते लिहून घेतलं. मुदत संपल्यानं परत पाठवलेल्या माणसांची ती वही होती. येताना आई म्हणाली, ‘न्हाई म्हनायचं तर पत्ता कशाला लिवून घेतला?’

कशाला, ते पुढच्या हंगामात कळलं. दुपारचं ऊन, आम्ही उसाच्या फडात, आणि बांधावरून काळा कोट हातात धरून एक माणूस धडपडत येतोय. कायदा बदलला होता, मुदतीचं कलमच सरकारनं काढून टाकलं होतं. ते वाचलं त्या दिवसापासून वकीलसाहेब ती वही घेऊन एसटीनं गावोगाव आपली परत पाठवलेली माणसं शोधत फिरत होते. जामखेडला जाऊन, कुलूप बघून, शेजाऱ्याला विचारून ते श्रीगोंद्याच्या फडात पोचले होते. आल्याआल्या म्हणाले, ‘ताई, तुमचा दावा करायचा. आधी मला मोळी बांधायला शिकवा.’ आणि त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताची चार बोटं मुठीत दुमडून सुतळीनं आवळली.

मोळी बांधायला दोरी नसते. उसाच्या शेंड्याचं वाढं पिळून त्याचाच बंध करायचा. वकीलसाहेबांनी डाव्या हातानं पीळ दिला, तो अंगठ्यात धरला, तोंडानं ओढला, आणि मोळी सुटून ऊस त्यांच्या पायावर आला. पाच वेळा. सहाव्या वेळी दादा म्हणाले, ‘सायेब, राहू द्या. तुमी कोर्टातच बरं.’ वकीलसाहेब घाम पुसत बांधावर बसले. मी मोळी बांधत होते तिकडे ते बघत राहिले. ‘हिचं नाव मुकादमाच्या वहीत आहे?’ त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, ‘हिचं कसं आसंल? हिच्या आईचं बी नव्हतं.’ जाताना त्यांनी आमच्या फडातला दहा-बारा ऊस वाढ्यासकट मागून घेतला.

दर शनिवारी संध्याकाळी कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत वकीलसाहेब इतरांना नवे निवाडे समजावून सांगत. त्यांचे कारकून सांगायचे की निम्मे वकील निवाड्यासाठी येत आणि निम्मे भज्यांसाठी, आणि भजी संपेपर्यंत कोण कशासाठी आलाय ते कळत नसे. त्या शनिवारी टेबलावर भज्यांऐवजी ऊस आला. कायद्यातला नवा बदल जुन्या अपघातांना लागू होतो का, यावर तासभर वाद झाल्यावर त्यांनी प्रत्येकाची चार बोटं बांधली आणि मोळी बांधायला सांगितली. पंधरा काळे कोट जमिनीवर बसले. विमा कंपनीकडून कायम उभे राहणारे वकीलही त्यांत होते. त्यांचं वाढं दातात अडकलं, असं कारकून शपथेवर सांगायचे.

आमची तारीख मात्र पुढं पुढं जात राहिली, आणि रीत म्हणून वकीलसाहेबांची दोरीही राहिली. अंघोळीपुरती सुटायची, तेवढीच. डाव्या हातानं लिहिलेले त्यांचे अर्ज वाचता येईनात, तेव्हा न्यायाधीशांनी टाइप करून आणायला सांगितलं. त्यांच्या बायको आईला म्हणाल्या, ‘अहो, तुमचा निकाल लावून घ्या लवकर. मी यांना चार महिने भात कालवून देतेय.’ मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयानं जुन्या अपघातांनाही नवा कायदा लागू धरला, आणि एकदाची दादांची साक्ष लागली.

ट्रकच्या विमा कंपनीच्या त्याच वकिलांनी मुकादमाची वही उघडली. बाईचं नाव कुठंच नाही, म्हणजे ती काम करत नव्हती, असं त्यांचं म्हणणं. दादांनी मान खाली घालून ‘नाव न्हाई’ म्हणून सांगितलं. मग आमचे वकीलसाहेब उठले.

‘कोयता म्हणजे काय?’

‘दोन मानसं, सायेब. नवरा-बायकू.’

‘आता तुमच्या कोयत्यात दुसरं माणूस कोण?’

दादांनी वळून बाकावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘पोरगी.’

‘ती शाळेत जायची?’

‘आठवीत हुती. पयला नंबर हुता तिचा.’

हे मला दादा कधी बोलले नव्हते. त्यांना ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं. न्यायाधीशांनी विमा कंपनीच्या वकिलांकडे पाहिलं. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. म्हणाले, ‘प्रश्न नाहीत.’

दावा मंजूर झाला, आणि निकालाची मराठी प्रत वकीलसाहेबांनी व्हरांड्यात माझ्या हातात दिली. ‘तू वाच. शब्द अडला तर थांब, गिळू नको.’ अडखळत, सगळी प्रत मी आईला वाचून दाखवली. वाचून झाल्यावर आईनं त्यांचा हात ओढून घेतला. डावा हात, उजवा अंगठा आणि दात लावून तिनं सुतळीची गाठ सोडवली आणि म्हणाली, ‘सायेब, आता तुमचा हात तुमी घ्या.’ त्यांनी बोटं उघडली, मिटली. ‘माझा आला परत,’ ते म्हणाले, मग त्यांची नजर आईच्या हातावर गेली. ते कोटाची गुंडी लावत उभे राहिले, आणि ती काही केल्या लागेना.

वकीलसाहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या सुतळीनं आईनं माझी पुस्तकं बांधली, आणि पुढे ती झिजून तुटली. मुकादमाच्या वहीत कधी नसलेलं माझ्या आईचं नाव त्या निकालात ‘ऊसतोड कामगार’ म्हणून लिहिलं गेलं. भरपाईच्या पैशावर मी उसातून बाहेर आले, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, आणि नगरच्या कॉलेजातून बी. ए. झाले. आमच्या घरात पहिली.