सशर्त प्रवेश

सकाळी खोलीचं दार उघडलं, तर बाहेर जमिनीवर माझी कढई.

कढईत माझं उलथणं, दोन चमचे, मिठाची बरणी, चहाचा कप. शेजारी इंडक्शनची नवी शेगडी, खोक्यासकट. सगळं नीट मांडलेलं. कोणी गेल्यावर त्याचं सामान काढून ठेवतात, तसं.

घरमालकीण ताई पॅसेजमध्येच उभ्या होत्या. मोबाईलमध्ये बघत म्हणाल्या, "तुम्ही आता खोलीतच करत जा स्वयंपाक. तुम्हालाच बरं पडेल."

तुम्ही.

आदल्या दुपारपर्यंत मी 'अगं' होते. "अगं, कढीपत्ता घे की माझ्या कुंडीतला." "अगं, फोडणीला हे तेल वापर, ते इथलं कडवट लागतं." आणि एका रात्रीत मला बढती मिळाली. तुम्ही.

"काय झालं ताई?"

"काही नाही हो. देव आहेत ना आमचे स्वयंपाकघरात. आणि सासूबाई यायच्यात पुढच्या महिन्यात. त्यांचं जरा असतं."

सासूबाई पुण्यात होत्या. कढई आजच बाहेर आली होती.

काय झालं ते मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्याशी कणीक मळत होते. फोन वाजला. हात भरलेले, म्हणून स्पीकरवर टाकला. "जय भीम आप्पा," मी वडिलांना म्हणाले. रोज म्हणते तसंच. तिकडून आप्पांचं मोठ्यानं, "जय भीम पोरी, जेवलीस का?" ताई तव्यापाशी उभ्या होत्या. त्यांची पोळी करपली. त्यांनी गॅस बंद केला आणि बाहेर गेल्या.

आता तुम्हाला वाटेल, मी ती कढई उचलून त्यांच्यासमोर आपटली असेल. नाही. मी म्हणाले, "बरं."

मी वकील आहे. परभणी जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात सहा वर्षं प्रॅक्टिस केलेली. दुसऱ्यांच्या बांधासाठी, पोटगीसाठी, घरासाठी न्यायाधीशांसमोर ताठ उभी राहिलेली. आणि स्वतःच्या कढईवर वेळ आली, तेव्हा तोंडातून काय निघालं? बरं. वाकले, सामान उचललं, दार लावून घेतलं.

फ्रँकफर्टला मी आले होते शिकायला. नवरा नेकारसुल्मला, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. लग्नानंतर मी तिकडे आले आणि चार वर्षं जर्मन घोटलं. मग इथल्या युनिव्हर्सिटीत परदेशी वकिलांसाठी जो कायद्याचा मास्टर्स असतो, त्याला अर्ज केला. मराठवाड्यातली पदवी, सेकंड क्लास. पत्र आलं. प्रवेश दिला आहे, पण सशर्त. उन्हाळ्यात फॅकल्टीचा कोर्स करायचा. दोन लेखी परीक्षा, एक तोंडी. तिन्हींची सरासरी पास झाली तर ऑक्टोबरपासून प्रवेश पक्का. नाही तर घरी.

कोर्स सहा आठवड्यांचा. तेवढ्यासाठी फ्रँकफर्टमध्ये कोण खोली देतं? मराठी लोकांच्या ग्रुपवर जाहिरात दिसली. ताईंचे मिस्टर बँकेत आयटीत, पंधरा वर्षं इथं, घरातली एक खोली रिकामी. नवरा खूश झाला. "आपली माणसं आहेत. तुला घरच्यासारखं वाटेल." करारात स्पष्ट लिहिलेलं होतं: खोली, आणि स्वयंपाकघर-बाथरूमचा सामाईक वापर. माझं आडनाव गावावरून पडलेलं. 'कर' लागतं शेवटी. त्यावरून त्यांना काही कळलं नाही. त्यांनी मला त्यांच्यातलीच धरली असणार. म्हणून कढीपत्ता.

मग खोलीत संसार सुरू झाला. एकच खिडकी, तीही वरून तिरकी, बोटभर उघडणारी. जुलैचा उकाडा. पंखा नाही. पलंगाच्या कडेला शेगडी, शेगडीशेजारी कायद्याची पुस्तकं. लसणाची फोडणी टाकली की धूर छताला लागून खाली यायचा आणि कपड्यांत बसायचा. भांडी बाथरूमच्या बेसिनमध्ये घासायची. मी आंघोळ करायचे, धुतलेला शर्ट घालायचे, तरी ट्राममध्ये स्वतःलाच वास यायचा.

वर्गात मी पुढच्या बाकावर बसायचे. माझ्या शेजारी ब्राझीलची एक मुलगी. चांगली होती, नोट्स द्यायची. एके दिवशी ती उठली, खिडकी उघडली आणि परत येताना दोन खुर्च्या सोडून बसली. तिला कुठे माहीत होतं, तो वास कुठून आला? तिच्या दृष्टीनं मी फक्त वास येणारी भारतीय बाई. ताईंनी केलं ते मला एका घरात सोसायचं होतं. पण ते माझ्या अंगाला चिकटून वर्गापर्यंत आलं होतं.

माझं बसणंच संपलं. वाचायला बसले की पाय हलायचे. एक परिच्छेद वाचायचा, उठायचं. नदीकाठानं चालत सुटायचं, पुढच्या पुलावरून वळून परत यायचं. तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून. जेवायचं सोडलं, म्हणजे शिजवायला नको, म्हणजे वास नको. ब्रेडवर राहिले.

पहिली परीक्षा गेली. पेपरवर लाल अक्षरात एकच शब्द. अपुरं.

नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं, कढईपासून. ते मग म्हणाले, "कशाला वाढवतेस? थोडे दिवस राहिलेत. पास हो आणि निघून ये."

"अहो, मला त्यांनी स्वयंपाकघरातून काढलंय."

"आल्झो, म्हणजे, मला कळतंय गं. पण तो ग्रुप एकच आहे. त्यातले तिघं माझ्याबरोबर कारखान्यात आहेत. रोज एका टेबलावर जेवतो आम्ही. उद्या त्यांना कळलं तर?"

"कळलं तर काय?"

चार वर्षं हा माणूस त्या टेबलावर दुसराच कोणी होऊन जेवत होता. आणि मी त्याला रोज डबा भरून देत होते. मलाही ते माहीत नव्हतं, असं कसं म्हणू? घरी मित्र यायचे तेव्हा भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये जायचा. मीच नेऊन ठेवायचे.

आमचे आप्पा कोर्टात बेलिफ होते. समन्स पोचवायचे. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या सायकलवर मागे बसून जायचे. एकदा एका मोठ्या बागायतदाराचं समन्स होतं. तो झोपाळ्यावर. आप्पांनी कागद पुढे केला. तो म्हणाला, "ठेव तिथं ओट्यावर." आप्पांनी ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगडही ठेवला. कागद सरकारचा, सही न्यायाधीशाची, पण ज्या हातातून घ्यायचा तो हात आमचा. परतताना मी विचारलं, "त्यानं हातात का नाही घेतला?" आप्पा म्हणाले, "पोचला ना? मग झालं."

त्या दिवशी मी ठरवलं होतं, वकील व्हायचं. झालेही. पण ताईंसमोर माझ्या तोंडून निघालेलं 'बरं' आप्पांचं होतं. सात समुद्र ओलांडून ते माझ्या आधी इथं येऊन बसलं होतं. हे कळलं तेव्हा मला ताईंपेक्षा स्वतःचा संताप आला.

रविवार होता. ताई आणि त्यांचे मिस्टर स्वयंपाकघरात नाश्ता करत होते. मी कढई घेऊन आत गेले. मधल्या शेगडीवर ठेवली. गॅस पेटवला.

"हे काय?" ताई उठल्याच.

"भाजी करते."

"आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं. मी बरं म्हणाले होते. आता म्हणत नाही."

मिस्टरांनी कप खाली ठेवला. समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, आम्ही जातबित काही मानत नाही. माझ्या ऑफिसात तुमच्यातले किती मित्र आहेत."

"तुमच्यातले म्हणजे कुणातले?"

त्यांनी कप पुन्हा उचलला.

"नाव घ्या ना. मी घेते. मी बौद्ध. माझे आजोबा महार. म्हणून माझी कढई बाहेर गेली. ह्याला अस्पृश्यता म्हणतात. अजून दुसरा शब्द नाही."

"केवढा मोठा शब्द वापरताय!" ताईंचे डोळे भरून आले. "मी तुम्हाला नवीकोरी शेगडी आणून दिली."

"हो. दाराबाहेर."

मिस्टर म्हणाले, "मग तुम्ही दुसरी खोली बघा."

"बघेन. करार संपला की. करारात स्वयंपाकघर आहे."

मोहरी तडतडली. मी भेंडी टाकली. गॅस बारीक केला नाही. भाजी झाली, तिथंच टेबलावर बसून खाल्ली. एकटीनं. ते दोघं आत निघून गेले होते.

मी खोलीत आले तेव्हा मागून फवाऱ्याचा आवाज आला. ताई ओटा, टेबल, खुर्ची पुसत होत्या. व्हिनेगरचा वास. त्यानंतर रोज तेच. मी स्वयंपाक करायचे, त्या पुसायच्या. मी दिवसातून दोनदा करायचे. भूक नसली तरी करायचे.

दुसरी परीक्षा काठावर सुटली. राहिली तोंडी. तिला स्वतःचा विषय घ्यायची मुभा होती. मी आधी सोपा घेतला होता: सदोष निघालेली जुनी गाडी, विक्रेत्याची जबाबदारी. पाठ केला की झालं. मी प्राध्यापिकाबाईंकडे गेले आणि म्हणाले, मला विषय बदलायचा आहे. कुठला, ते सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. साठीच्या, कोरड्या बोलण्याच्या. म्हणाल्या, "तुमचा एक पेपर गेलाय. दुसरा कसाबसा. तोंडीत चांगले गुण नसतील तर प्रवेश नाही. आणि तुम्ही असा विषय घेताय, ज्याचं नावच आमच्या कायद्यात नाही?"

"गेनाऊ," मी म्हणाले. अगदी तेच.

त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाल्या, "तुमची जबाबदारी."

त्यांचं खरं होतं. इथल्या समान वागणुकीच्या कायद्यात वंश आहे, मूळ आहे, धर्म आहे, लिंग, वय, अपंगत्व आहे. जात नाही. शिवाय आणखी एक पळवाट. घरमालक भाडेकरूबरोबर एकाच घरात राहत असेल, तर जवळिकीचं नातं म्हणून तो ह्या कायद्यातून सुटू शकतो.

परीक्षेला दोघं होते. बाई, आणि एक तरुण प्राध्यापक. मी माझीच केस मांडली: जात ही कायद्यातल्या 'मूळ' या शब्दात बसते. नावं नाहीत. घरमालक अ, भाडेकरू ब.

तरुण प्राध्यापकानं विचारलं, "दोघींची भाषा एक, प्रांत एक, दिसतातही सारख्याच. मग हे वेगळं मूळ कसं? अ ला कळतं कसं, ब कोण आहे ते?"

"ते विचारतात. आडनाव. गाव. देव कुठला. भिंतीवर फोटो कुणाचा. उत्तर मिळेपर्यंत विचारतात. जन्मावरून ठरतं, बदलता येत नाही. तुमच्या कायद्यात मूळ म्हणजे दुसरं काय असतं?"

"आणि ब नं सांगितलंच नसतं तर?"

त्याचा हेतू वाईट नव्हता. पण मला फोटो बेडरूममध्ये नेणारे माझेच हात दिसले.

"तर तिला स्वयंपाकघर मिळालं असतं," मी म्हणाले. "कायद्यानं ब ला लपायला सांगावं का, हाच माझा प्रश्न आहे."

बाईंनी विचारलं, "आणि एका छताखालच्या जवळिकीचं काय?"

"जिच्या भांड्याला त्या घरात जागा नाही, तिच्याशी कसली जवळीक? आधी बाहेर काढायचं आणि मग जवळ होती म्हणून सुटायचं. दोन्ही एकदम मागता येणार नाही."

तरुण प्राध्यापकानं काहीतरी लिहून घेतलं. म्हणाला, "कोर्टात हे टिकणार नाही."

बाई म्हणाल्या, "पण हा युक्तिवाद आहे."

पास झाले. लागत होते तेवढेच गुण, वर काही नाही. पत्र आलं, अट पूर्ण झाली.

नवरा मला न्यायला आला. बॅगा उचलल्या. ताई त्यांच्याशी गोड बोलल्या, माझ्याकडे पाहिलंही नाही. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "मिळाला ना प्रवेश. आता सोड ते."

"नाही सोडणार. दावा करायचा तर दोन महिन्यांच्या आत घरमालकांकडे भरपाईची लेखी मागणी करावी लागते. मी केली आहे."

गाडी हायवेला लागली. मग ते म्हणाले, "मला वेळ दे."

"घ्या. मी थांबणार नाही."

मराठी ग्रुपवरून आम्हा दोघांना काढून टाकलंय. का, ते कोणी विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना कळलंय. भेदभावाच्या तक्रारींसाठी इथं सल्ला केंद्र असतं, तिथल्या बाई म्हणाल्या, जिंकण्याची शक्यता फार कमी. आप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हरशील पोरी."

"हो आप्पा. बहुतेक हरेन."

इथल्या खालच्या कोर्टात वकील लावावा लागत नाही. मी स्वतः उभी राहणार आहे. हरले तर का हरले, ते न्यायाधीशाला लेखी द्यावं लागेल. त्यात त्याला 'जात' लिहावं लागेल. जर्मनमध्ये, स्वतःच्या सहीनं. आज त्यांच्या कायद्यात तो शब्द नाही. माझ्या हरण्यामुळे तो पहिल्यांदा तिथल्या कागदावर येईल.

तो कागद घेऊन मी वरच्या कोर्टात जाईन.