न्हाणीमागची केळ

चिखलीला आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मागं परस होतं, पण नावालाच. बारा हात लांब, सात हात रुंद, आणि त्यातच न्हाणी. माझे यजमान सरकारी मोजणीच्या कामावर होते. साखळी घेऊन गावोगाव हिंडायचं आणि लोकांच्या बांधांचे तंटे मिटवायचे. आपण मोजलेलं शेत कुणाला पुन्हा मोजावं लागलं नाही, याचा त्यांना फार तोरा होता.

आमचा मुलगा चौथ्या महिन्यात तापानं गेला. त्यानंतर मला काही वाटेनासंच झालं. रडू येत नव्हतं. कुणी समजूत घालायला आलं की मी त्यांचे हलणारे ओठ पाहत बसायची. भाकरी करपली तर करपलेली वाढायची, आणि हे मुकाट्यानं खायचे. एका रविवारी हे परसात दोरी लावून बसले आणि इथं बाग करू म्हणाले. माझा जीव कुठंतरी रमावा म्हणून हा उपद्व्याप चाललाय, हे मला कळत होतं. त्याचं बरंही वाटलं नाही आणि रागही आला नाही.

‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असं छापलेल्या एका वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर त्यांनी नकाशा काढला. कुंपणावर दोडका, भिंतीशी मोगरा, मधे मेथी-कोथिंबिरीचे तीन वाफे, वाफ्यांतून हातभर वाट. न्हाणीचं सांडपाणी अळवातून फिरून शेवटी न्हाणीमागच्या कोपऱ्यातल्या केळीला मिळणार. एक थेंब वाया जाणार नव्हता. मला दाखवला, मी चांगला आहे म्हटलं.

त्या कोपऱ्याचं मात्र मी बोलले नाही. माहेरी आई नव्हती, म्हणून माझं बाळंतपण याच घरात झालं होतं. सुईणीनं बाळामागं पडलेली वार मडक्यात घातली, हळदकुंकू वाहिलं, झाकण मातीनं लिंपलं आणि त्या कोपऱ्यात पुरून वर दगड ठेवला. हे बायकांचं काम. पुरुषांना कुणी सांगत नाही आणि तेही विचारत नाहीत. ती जागा उकरली तर पोराच्या जिवाला बाधतं, असं सुईण बजावून गेली होती. चार महिने मी तिकडं कढत पाणीसुद्धा जाऊ दिलं नाही. आता पोरच नव्हतं, मग राखायचं कशाला? असा विचार करून मी गप्प राहिले, असं म्हणता येईल. खरं तर तोंड उघडायचासुद्धा कंटाळा होता.

वडनेरहून माझ्या बहिणीनं केळीचा मुनवा, बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, लावायला पाठवला. हे दगड बाजूला सारून खणायला लागले. मी दारात भाजी निवडत होते. कुदळ थांबली. त्यांनी हातानं माती सारली आणि दबक्या आवाजात मला म्हणाले, “दार लाव. हंडी लागली. कोनं तरी पुरून ठेवली हाय.”

मूल गेल्यापासून त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच रंग आला होता. एवढा नकाशे काढणारा माणूस, पण जमिनीत मडकं लागलं की ते धनच, हे लहानपणापासून ऐकलेलं. अंगठ्यानं ते झाकणाची माती खरवडू लागले.

मी जागेवरूनच म्हणाले, “उघडू नका ते. लेकराची वार हाय त्याच्यात.”

क्षणभर त्यांना कळलं नाही. मग त्यांनी हात काढून घेतला. कुदळीला न शिवता ओंजळीनं माती परत लोटली, दगड जागच्या जागी ठेवला आणि तिथंच बसून मोठ्यानं रडले. मी भाजी निवडत राहिले. त्यांच्याजवळ जायला हवं, हे मला कळत होतं, पण माझ्यानं उठवलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

केळ मग भर वाटेत लागली. एक वाफा गेला, पाण्याचा पाट वाकडा झाला, न्हाणीकडं जाताना पानं तोंडावर येऊ लागली. कचेरीतली माणसं घरी आली की यांना चिडवायची, दुसऱ्यांचे बांध सरळ करता आणि स्वतःच्या परसात वाटेवर केळ कशी? हे शांतपणे सांगायचे, “मोजनीत चूक झाली.”

ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आत चुलीपाशी चहा गाळत होते. तिथं मला रडू आलं.