कुंपणामागची राख

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि दारावर थाप पडली. पाहते तर भागीरथाबाई. आमच्या गोंडपिपरीत दर बुधवारी ती फाटकापासूनच हाक देते, "पालक, चवळी, अंबाडीऽ"; दार तिनं कधी वाजवलेलं नाही. आज टोपली रिकामी. एका हातात मुळासकट उपटलेला पालक, दुसरा हात पदराच्या गाठीवर.

"बाई, तुमी सायन्स शिकल्या ना? हे पाहा बरं."

पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मुळाची माती झटकली तर तांब्याचे बारीक मणी चमकले. मी चष्मा लावून पाहतच राहिले.

"हे वाडीत आलं कुठून?"

"म्याच टाकलं," ती ओशाळून हसली. भाजीवर कीड पडली की तिची आई चुलीची राख भुरभुरायची. तीही तेच करते. "पण सून आता गॅसवर रांधते. राख कुठून आणू? मंग कुंपणामागं धनराज भंगारवाला मोबाइलच्या प्लेटी, वायरी जाळते ना, तिथली टोपलंभर आणली औंदा. वाटलं, राख ते राख!"

"कीड गेली?"

"कीडच काय, गांडुळंबी गेले. तवाच मी भेली."

असल्या राखेत शिसं असू शकतं, लेकरांना ते फार वाईट, असं मी सांगितलं.

"मिठाच्या पाण्यानं धुतलं तं?"

"पानावरचं थोडं जाईल. मुळांनी ओढलेलं नाही जाणार."

माझ्या फ्रिजमध्ये तिचीच गेल्या बुधवारची जुडी होती. मी ती बाहेर काढलेली पाहून भागीरथाबाई म्हणाली, "गाईले नोका टाकू. म्या सारी भाजी उपटली, बकरीलेबी नाई देल्ली. सून म्हणते, बुढी येडी झाली."

माती तपासायला पाठवायचं ठरलं. तोवर वाडीत काही पेरायचं नाही, असं मी म्हटल्यावर तिनं पदराची गाठ सोडली. आत लाल अंबाडीचं बी. लग्नात चामोर्शीकडच्या माहेरून आणलेलं, दर साली पेरून पुन्हा धरलेलं. हे मागच्या साली धरलेलं, राखेच्या आधीचं.

"हे जुनं झालं की उगवत नाई," ती म्हणाली. मग माझ्या तुळशीमागच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली.

"बाई, एक वाफा देता मले?"